मनिलातली तांदळाची भावमर्यादा आणि 'राइस' या शब्दाचे तीन मालक

३१ ऑगस्ट २०२३ ला फिलिपिन्समध्ये ३९ क्रमांकाचा कार्यकारी आदेश निघाला. ५ सप्टेंबरपासून देशभरात साधा भरडलेला तांदूळ किलोला ४१ पेसोंपेक्षा आणि चांगला भरडलेला ४५ पेसोंपेक्षा महाग विकायचा नाही, हा त्याचा गाभा. अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांनी त्या वेळी कृषिखातंही स्वतःकडेच ठेवलं होतं, त्यामुळे निर्णयाची जबाबदारी सरळ त्यांच्याकडे जात होती. ४ ऑक्टोबरला आदेश मागे घेतला गेला.

जेमतेम महिनाभराचं हे प्रकरण. फिलिपिन्समधल्या तांदळाच्या महागाईबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बाहेरच्या वाचकाला त्यातलं निम्मं नीट कळत नाही. कारण हे सगळं इंग्रजीतून त्याच्यापर्यंत येतं आणि इंग्रजीत शेतात डोलणारं पीक, गोणीतला दाणा आणि ताटातला घास या तिन्हींना 'राइस' म्हणतात. तागालोग या मनिलाच्या भाषेत या तीन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांची तीन वेगळी नावं आहेत. शेतात आणि खळ्यावर असतो तो 'पालाय', भरडून दुकानात येतो तो 'बिगास' आणि शिजून ताटात पडतो तो 'कानिन'. माझं म्हणणं असं, की ३९ क्रमांकाच्या आदेशाचं काय झालं हे समजून घ्यायचं असेल तर 'राइस' बाजूला ठेवावा आणि प्रत्येक वाक्यात यातला कोणता शब्द बसतो ते बघावं. तसं केलं की कोणाचा पैसा कुठे अडकला ते उघड दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. फिलिपिन्स हा जगातल्या सर्वात मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक देश. त्याचा बहुतेक आयात तांदूळ व्हिएतनाममधून येतो. २० जुलै २०२३ ला भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. भारत हा जगातला सर्वात मोठा निर्यातदार, त्यामुळे त्याने दार लावताच बाकीच्यांचे भाव चढले. फिलिपिन्स भारताकडून फार घेत नव्हता, पण जे देश भारताकडून घेत होते ते आता व्हिएतनाम आणि थायलंडच्या दारात उभे राहिले. त्यात जुलै ते सप्टेंबर हे फिलिपिन्समध्ये तसेही टंचाईचे महिने. जुनं पीक संपत आलेलं असतं आणि पावसाळी हंगामाची मोठी कापणी सप्टेंबरच्या मध्यानंतर जोर धरते. मनिलाच्या बाजारांत ऑगस्टमध्ये भाव पन्नाशीकडे सरकू लागले आणि साठेबाजांवर बोट ठेवत सरकारने कमाल भाव ठरवून टाकला.

आता आदेशातले शब्द पाहू. फिलिपिन्सचे कायदे आणि आदेश बहुधा इंग्रजीतच निघतात. त्यामुळे आदेश लिहिणाऱ्याला नुसतं 'राइस' म्हणून भागलं नाही. त्याला 'रेग्युलर मिल्ड राइस' आणि 'वेल-मिल्ड राइस' असं लिहावं लागलं. 'मिल्ड' हे विशेषण जे काम करतं ते तागालोगमध्ये 'बिगास' हा शब्द एकट्याने करतो. न भरडलेला बिगास असा काही प्रकारच नसतो, कारण भरडला नसेल तर तो पालाय. मनिलातल्या तागालोग वर्तमानपत्रांचे मथळे म्हणूनच पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते: 'प्रेस्यो नांग बिगास', म्हणजे बिगासचा भाव. पालायचा भाव ही वेगळी बातमी, वेगळ्या पानावरची, वेगळ्या माणसांची.

इंग्रजी वाचणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की सरकारने राइसचा भाव बांधला. मग तो साहजिकच समजतो की राइस पिकवणाऱ्याचाही भाव बांधला गेला असणार. तसं नव्हतं. पालायला कमाल भाव नव्हता. सरकारची अन्न संस्था, जिला तिथे सगळे 'एनएफए' म्हणतात, तिने उलट त्याच महिन्यात आपला खरेदीभाव वाढवला. वाळलेल्या, साफ पालायला किलोमागे १९ ते २३ पेसो आणि ओल्या, ताज्या पालायला १६ ते १९ पेसो. आदल्या दरात वाळला पालाय १९ ला होता.

म्हणजे एकाच महिन्यात सरकारने बिगासचं छत खाली आणलं आणि पालायची जमीन वर उचलली. मधली माणसं किती जागेत मावतात ते मोजायला साधा त्रैराशिक पुरतो.

एक किलो वाळलेला पालाय भरडला तर सुमारे ६५० ग्रॅम बिगास मिळतो. बाकीचं तूस, कोंडा आणि कणी. तिथली नावं सांगायची तर तूस म्हणजे 'इपा', कोंडा म्हणजे 'दाराक', कणी म्हणजे 'बिनलिद'. म्हणजे एक किलो बिगाससाठी दीड किलोहून थोडा जास्त पालाय लागतो. पालाय २३ पेसोंनी घेतला तर एक किलो बिगासमध्ये फक्त कच्च्या मालाचेच ३५ पेसो ४० सेंताव्हो गेले. छत ४१ चं. उरले साडेपाच पेसो आणि वर काही सेंताव्हो. त्यात गिरणीची भरडाई, वीज, पोती, नुएवा एसिहाच्या शेतातून बुलाकानच्या गिरण्यांपर्यंत आणि तिथून मनिलापर्यंतचं भाडं, घाऊक व्यापारी आणि शेवटी कोपऱ्यावरचा दुकानदार. दाराक कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी विकला जातो, त्याचे थोडे पैसे गिरणीवाल्याला सुटतात, पण त्याने चित्र फारसं बदलत नाही. पालाय १९ ने घेतला तर कच्चा माल २९ पेसोंच्या आसपास पडतो आणि मधे बारा पेसोंना थोडी कमी जागा उरते. तेवढ्यात भागू शकतं, पण मग शेतकऱ्याला वाढीव भाव मिळाला असं म्हणता येत नाही.

या हिशोबात जो माणूस सर्वात आधी सापडला तो किरकोळ विक्रेता. मनिलाच्या कुठल्याही बाजारात तांदळाचं दुकान एकाच धाटणीचं असतं. उताराच्या लाकडी खोक्यांत किंवा उघड्या पोत्यांत बिगासचे ढीग, प्रत्येक ढिगात खोचलेली पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर जातीचं नाव आणि जाड अक्षरात भाव. सिनान्दोमेंग, दिनोरादो, जास्मिन. पाटीवरचा आकडा लांबून दिसतो, म्हणून सरकारी तपासनीसालाही तो लांबूनच दिसतो. ५ सप्टेंबरच्या सकाळी ज्या दुकानदाराकडे आधीच्या महाग भावाने भरलेलं पोतं होतं, त्याला ते ४१ ला विकायचं म्हणजे दर किलोमागे स्वतःच्या खिशातून भर घालायची. पन्नास किलोच्या पोत्याला तिथे 'काबान' म्हणतात. लहान दुकानदार दिवसाला जी थोडकी पोती विकतो त्यांवर त्याचं घर चालतं. सरकारनेही हे ओळखलं आणि लहान विक्रेत्यांना प्रत्येकी १५,००० पेसोंची मदत जाहीर केली. मदत वाटायला लागते म्हणजेच भावात तोटा आहे हे सरकारने मान्य केलं, असं मी त्याकडे पाहतो.

आणखी एक गोष्ट या पाट्यांवर घडू शकत होती. कमाल भाव फक्त साध्या आणि चांगल्या भरडाईच्या तांदळाला होता. 'प्रीमियम' आणि 'स्पेशल' या वरच्या दोन प्रतींना तो नव्हता. दाण्यावरचा कोंडा किती निघालाय आणि कणीचं प्रमाण किती, यावर या प्रती ठरतात, आणि ढिगाकडे नुसतं बघून ते ठरवणं गिऱ्हाइकाला सोपं नाही. पाटीवरचा शब्द बदलला की तोच ढीग आदेशाच्या बाहेर. असं किती ठिकाणी झालं हे मोजणं अवघड आहे, पण आदेशात ही फट होती आणि ती सगळ्यांना दिसत होती.

शेतकऱ्याकडे वळू. सप्टेंबर हा कापणीच्या तोंडावरचा महिना. गिरणीवाले आणि व्यापारी पालाय घेताना पुढे बिगास कितीला जाणार याचाच अंदाज बांधतात. वर छत घातलं की तो दाब खाली जाणार, अशी भीती शेतकरी संघटनांनी सुरुवातीलाच बोलून दाखवली होती. एनएफएचा वाढीव दर कागदावर चांगला होता, पण २०१९ च्या तांदूळ आयात कायद्यानंतर ही संस्था फक्त आणीबाणीचा साठा करण्यापुरतीच खरेदी करते. देशाच्या पिकातला लहानसा हिस्सा ती उचलते, बाकीचा सगळा पालाय व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर जातो.

आणि पालायमध्येही पुन्हा ओला आणि वाळला हा भेद. इंग्रजी बातमीत तो जवळपास नेहमी गळतो, पण शेतकऱ्याचं नुकसान नेमकं तिथेच होतं. पावसाळ्यात कापलेल्या भातात पाणी भरपूर असतं. साठवायला ते १४ टक्क्यांपर्यंत खाली आणावं लागतं. २४ टक्के ओलाव्याचं शंभर किलो धान वाळवलं की सुमारे ८८ किलो उरतं. वाळवायला जागा हवी, ऊन हवं, आणि सप्टेंबरात त्या देशात वादळांची रांग असते. म्हणून मग पालाय डांबरी रस्त्यावर पसरतात. लुझोन बेटाच्या मैदानात कापणीच्या दिवसांत रस्त्याची एक बाजू मैलभर सोनेरी झालेली असते. कडेला दगड किंवा बांबू ठेवलेले, बायामाणसं लाकडी फावड्याने दाणे वरखाली करतायत, गाड्या दुसऱ्या बाजूने हळू जातायत. गावातलं बास्केटबॉलचं काँक्रीटचं मैदानही त्या दिवसांत खळं होतं. या उन्हात घालण्याला 'बिलाद' म्हणतात. ज्याच्याकडे बिलादला जागा नाही किंवा घरात पैशाची निकड आहे, तो ओलाच पालाय विकतो आणि मिळेल तो भाव घेतो. आदेशातल्या ४१ च्या आकड्यात हा माणूस कुठेच नाही.

याच प्रकरणात 'राइस'च्या अनेकार्थामुळे सर्वात जास्त घोटाळा होतो तो उत्पादनाच्या आकड्यात. २०२३ मध्ये फिलिपिन्सचं विक्रमी पीक आलं: २ कोटी टनांहून थोडं जास्त. त्याच वर्षी आयात ३६ लाख टनांच्या आसपास होती. बाहेरच्या बातम्यांत दोन्हींपुढे 'राइस' लिहिलेलं असलं, की वाचणारा दोन्ही आकडे शेजारी मांडतो, बेरीज करतो आणि म्हणतो, आयात तर पंधरा टक्केच, एवढा गहजब कशाला? पण २ कोटी टन आहे तो पालाय आणि ३६ लाख टन आहे तो बिगास. पालायचा बिगास केला तर २ कोटींचे १ कोटी ३० लाख होतात. मग आयातीचा वाटा साडेएकवीस टक्क्यांवर जातो. बियाण्याला ठेवलेला आणि वाया गेलेला पालाय वजा केला तर आणखी वर. खाणाऱ्याच्या दर पाच घासांतला एक परदेशी, असं म्हटलं तर भारताच्या एका निर्णयाने मनिलाचे भाव का उसळले ते समजतं. पंधरा टक्क्यांच्या हिशोबाने ते समजत नाही.

मनिलाची इंग्रजी वर्तमानपत्रं ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवतात. ती इंग्रजी वाक्यातच 'पालाय' लिहितात. सरकारी सांख्यिकी खातंही इंग्रजी अहवालात पालायचं उत्पादन असंच म्हणतं. तिथल्या इंग्रजीने तो शब्द घरचा करून घेतलाय. बातमी देशाबाहेर जाताना मात्र तो पुष्कळदा गळतो. गंमतीची बाब ही की इंग्रजीकडे त्यासाठी स्वतःचा शब्द आहे, 'पॅडी'. तो मलय भाषेतल्या 'पादी'वरून आला, आणि मलय 'पादी' व तागालोग 'पालाय' एकाच जुन्या ऑस्ट्रोनेशियन शब्दाची लेकरं. मलय 'बेरास' आणि तागालोग 'बिगास' हेही तसेच सख्खे. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून बेटांवर पसरलेल्या त्या लोकांनी पीक आणि दाणा हा भेद तेव्हापासून जपलाय. इंग्रजांनी मलय लोकांकडून एक शब्द उचलला, पण रोजच्या बोलण्यात तो फक्त शेताला चिकटला. बाजारात आणि बातमीत 'राइस'च राहिला.

आता कानिन. भावमर्यादेच्या वादात तो क्वचितच येतो, पण हा सगळा खटाटोप ज्यासाठी चाललाय तो हाच. 'काइन' म्हणजे खाणं, त्यावरून 'कानिन', म्हणजे जे खायचं ते. जेवण म्हणजेच भात. त्याच्याबरोबर जे काही असेल, मासा असो, डुकराचं मांस असो, भाजी असो, त्याला 'उलाम' म्हणतात. इंग्रजीत याला धड शब्द नाही. आपल्याकडे आहे, कालवण किंवा कोरड्यास. कोकणातल्या माणसाला उलाम ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

शिजल्यानंतरही नावं संपत नाहीत. भात शिजवण्याला तागालोगमध्ये वेगळं क्रियापद आहे, 'साइंग', आणि ते मुख्यतः भातालाच वापरतात. भांड्याच्या बुडाला लागलेली करपट खरवड म्हणजे 'तुतोंग'. रात्रीचा उरलेला गार भात म्हणजे 'बाहाव'. तोच सकाळी लसूण घालून परतला की 'सिनांगाग', आणि तो अंडं व खारवलेल्या मांसाबरोबर न्याहारीला खातात. मऊ, पातळ शिजवला की 'लुगाव', आपल्या पेजेच्या जवळचा. शिजतानाचं वरचं पांढरं पाणी 'आम', ते तान्ह्या मुलांना पाजतात. चिकट जातीचा तांदूळ 'मालागकित', आणि त्याचे गोड पदार्थ 'काकानिन'. हा शेवटचा शब्द जुना आहे. १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' या पुस्तकात प्रभूच्या प्रार्थनेतली रोजची भाकरी मागण्याची ओळ आहे. तागालोगमध्ये तिथे 'काकानिन' घातलंय. मराठी ख्रिस्ती बांधव त्याच ओळीत 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हणतात. पावाच्या जागी दोघांनी आपापला घास ठेवला.

आणि एक निरीक्षण, ज्याचा भावमर्यादेशी सरळ संबंध आहे. तागालोगने परक्यांकडून भाताचे दोन शब्द घेतले. स्पॅनिश 'आरोस', तो 'आरोस काल्दो' या कोंबडीच्या पेजेच्या नावात राहिला. आणि इंग्रजी 'राइस', तो खाणावळीत शिरला: एक्स्ट्रा राइस, हाफ राइस, हवा तितका भात देणारा 'अनली राइस'. दोन्ही परके शब्द ताटात उतरले. शेतात कोणी 'राइस' पेरत नाही आणि गिरणीत कोणी 'आरोस' भरडत नाही. शहरातल्या खाणाऱ्याच्या तोंडी 'राइस' आहे, तो कानिनच्या अर्थाने. इंग्रजीतल्या चर्चेत 'राइस स्वस्त झाला पाहिजे' म्हटलं जातं तेव्हा बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ताट असतं. पालायवाल्याच्या कानाला मात्र त्यात आपला भाव ऐकू येतो. दोघांचंही खरं, आणि एकाच शब्दात दोघं बसत नाहीत.

आपण मराठी माणसं इथे कुठे आहोत? साधारण मधे. आपल्याकडे साळ किंवा धान, मग तांदूळ, मग भात, अशी तीन नावं आहेतच. पूर्व विदर्भात धान आणि तांदूळ यांत गल्लत होत नाही. गोंदिया, भंडाऱ्याकडचा शेतकरी धान विकतो, गिरणीवाला धानाची भरडाई करतो आणि तांदूळ शासनाला जमा करतो. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर पावती धानाची मिळते. कोकणात आणि मावळात मात्र 'भात' दोन्ही टोकांना उभा आहे. भात लावला, भात कापला, भात झोडला, आणि मग घरी येऊन भात खाल्ला. मधल्या टप्प्याला तेवढा तांदूळ. मुळात 'भात' हा संस्कृत 'भक्त'वरून आला, अर्थ शिजवलेलं अन्न. कानिनसारखाच. आपल्याकडे तो ताटातून मागे चालत खाचरापर्यंत गेला, तागालोगमध्ये कानिन ताटातच राहिला. म्हणून 'भाताचे भाव पडले' असं मराठी मथळ्यात आलं की घाटावरच्या शहरी वाचकाला क्षणभर थांबावं लागतं, आणि रोह्याच्या वाचकाला नाही.

भारतात सरकारी हिशोबानेही हा भेद काटेकोर ठेवलाय. २०२३-२४ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. गिरणीवाल्याने एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ द्यायचा, उकड्याला ६८ किलो, असा नियम आहे. म्हणजे हमीभावाच्या धानातून निघणाऱ्या तांदळात नुसत्या धानाचेच किलोमागे साडेबत्तीस रुपयांहून जास्त जातात. हे उतारप्रमाण कागदावर असल्यामुळे धान आणि तांदूळ यांचे भाव एकमेकांशी ताडून पाहता येतात. ३९ क्रमांकाचा आदेश निघाला तेव्हा मनिलातल्या चर्चेत मला नेमकं हेच उतारप्रमाण हवं होतं. ४१ हा आकडा पालायच्या कोणत्या भावावर उभा आहे, हे आदेशाबरोबर एका ओळीत सांगता आलं असतं.

महिन्याभरात काय साधलं? सप्टेंबर २०२३ मध्ये तिथली तांदळाची वार्षिक महागाई १७.९ टक्के निघाली, ऑगस्टच्या जवळपास दुप्पट. आदेश चालू असतानाच. याचं सगळं खापर आदेशावर फोडणं बरोबर नाही, कारण आधीच्या वर्षीचे भाव कमी होते आणि जगभरचा बाजार तापलेला होता. पण कमाल भावाने महागाई रोखली असंही कोणाला म्हणता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये नवं पीक बाजारात आल्यावर आदेश उठला. त्याच महिन्यात भारताने सात देशांना बिगरबासमती तांदूळ देण्याची परवानगी दिली, त्यात फिलिपिन्ससाठी सर्वात मोठा वाटा होता, २,९५,००० टन. तरी भाव चढतच राहिले आणि मार्च २०२४ मध्ये महागाई २४.४ टक्क्यांवर गेली, २००९ नंतर सर्वात जास्त. जून २०२४ मध्ये सरकारने आयात शुल्क ३५ वरून १५ टक्क्यांवर आणलं. स्वस्त परदेशी बिगास आला, गिऱ्हाइकाला हायसं वाटलं. आणि पालायचा भाव घसरला.

इथे मार्कोस यांचं २०२२ च्या निवडणुकीतलं आश्वासन आठवावं लागतं: किलोला वीस पेसो. तागालोगमध्ये ते 'बेन्ते पेसोस ना बिगास' असं होतं, म्हणजे बोलणाऱ्याने कोणता राइस ते स्पष्ट सांगितलं होतं. बिगास वीसला विकायचा आणि अनुदान नसेल, तर भरडाई, वाहतूक आणि दुकानदार यांना एक पैसाही न देता पालाय तेरा पेसोंच्या वर घेता येत नाही. सगळ्यांचा खर्च काढला तर तेराच्याही बराच खाली. मे २०२५ पासून वीस पेसोंचा तांदूळ सेबू बेटापासून सुरू करून काही गटांना मिळू लागला तो सरकारी साठ्यातून आणि अनुदानावर, आणि ते तसंच शक्य होतं. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत या वचनावर टाळ्या का पडत नव्हत्या, हे इंग्रजीतल्या 'स्वस्त राइस'वरून उमगत नाही. तेराचा आकडा मांडला की उमगतं.

पालायची घसरण पुढे इतकी झाली की १ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने साध्या आणि चांगल्या भरडाईच्या तांदळाची आयात साठ दिवसांसाठी थांबवली, नंतर ती बंदी लांबवली. कापणीच्या तोंडावर बाहेरचा बिगास अडवायचा, म्हणजे घरच्या पालायला गिऱ्हाईक मिळेल, हा विचार. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक कार्यकारी आदेश निघाला. या वेळी भाव बांधला तो किमान होता, आणि ज्या वस्तूचा बांधला तिचं नाव इंग्रजी मजकुरातही पालाय असंच होतं.